चौथ्या खोलीवरचा कर

ता. ४, मंगळवार

वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी घर विकत घेतो आहे. वाक्य लिहून झाल्यावर सवयीने दोनदा तपासलं. चूक नाही.

आज बयाणा दिला, एक लाख. महिनाअखेरीपर्यंत नोंदणी झाली नाही तर तो बुडाला. घर नवं नाही, आमचंच जुनं. म्हणजे आमचं असं ते कधीच नव्हतं. लग्नानंतरची पहिली सहा वर्षं आम्ही तिथे भाड्याने राहिलो, आणि ते सोडल्याला आता चव्वेचाळीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात पेपरात जाहिरात दिसली, 'बैठं घर, जुनं बांधकाम, विहिरीमागची गल्ली', आणि डोळ्यांसमोर एकदम फाटकाची कडीच आली. ती उघडताना आधी अडखळायची, मग सुरात यायची, वर्गात कविता म्हणायला उभं राहिल्यासारखी. परवा जाऊन पाहिलं. अजून तशीच अडखळते.

हिला सांगितलं तेव्हा ही सुपात धान्य घेऊन बसली होती.

"कुठलं घर?"

"आपलं जुनं. विहिरीमागचं."

हिचा हात थांबला. मग म्हणाली, "घ्या."

एवढंच. जी बाई बादली घ्यायची तर तीन दुकानं पालथी घालते, तिने घर एका शब्दात पसंत केलं. गुडघ्यांमुळे असेल. इथले दोन जिने आता तिला होत नाहीत, आणि मालकालाही ही जागा परत हवी आहे. दुसरं काय कारण असणार?

ता. ६, गुरुवार

एक घोडचूक झाली आहे.

मला आजवर वाटायचं की एकाने विकलं, दुसऱ्याने घेतलं, संपलं. नोंदणी कार्यालयासमोर खोक्याएवढ्या दुकानात एक दस्त लिहिणारे बसतात. चष्मा कायम कपाळावर. त्यांनी आधी मला पाणी दिलं आणि मग सांगितलं की, काका, या व्यवहारात एक तिसराही असतो आणि तो रिकाम्या हाताने जात नाही.

घराच्या खरेदीवर कर असतो. त्याला मुद्रांक शुल्क म्हणतात. छत्तीस वर्षं पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितं तपासली, नागरिकशास्त्राची सुद्धा, पण हा शब्द कधी माझ्या डोळ्यांखालून गेला नाही. गेला असेल तर त्याच्या वेलांट्या पाहिल्या असतील, अर्थ नाही.

कर किमतीवर लागतो. पण किंमत दोन प्रकारची. एक आपण आपसांत ठरवलेली, आणि दुसरी सरकारने त्या गल्लीला फुटामागे जो दर बांधून दिला आहे त्याने येणारी. दोन्हींतली मोठी असेल तिच्यावर कर. मी विचारलं, आपली मोठी निघाली तर? तर आपली. आणि त्यांची मोठी निघाली तर? तर त्यांची. शाळेत आमच्यात एक जण गोट्या अगदी असाच खेळायचा.

शिवाय एक मेख आहे. घर सहाशे चौरस फुटांच्या आत असेल तर लहान घराची सवलत, शेकडा तीन. त्याच्या वर एक फूट जरी गेलं तरी शेकडा सहा, आणि तेही वरच्या फुटापुरतं नाही, सबंध घरावर. आमचं घर कागदावर अठ्ठावीस बाय एकवीस आहे. पाचशे अठ्ठ्याऐंशी.

"बारा फुटांनी वाचलात काका," दस्तवाले म्हणाले.

मग त्यांनी पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलं. घराचे तीस लाख. सरकारी दराने ते थोडं कमीच भरतं, म्हणून कर तीस लाखांवर, नव्वद हजार. नोंदणीची फी वीस हजार. माझी सगळी पुंजी, बयाणा धरून, एकतीस लाख वीस हजार. म्हणजे शेवटी हातात दहा हजार राहतील. याखेरीज हिच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेचे दोन लाख आहेत, गुडघ्याला एक. त्यांना हात लावायचा नाही, असं याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून मी खाली सही केलेली आहे.

बारा फूट. घरी येईपर्यंत तो आकडा पायात घोटाळत होता.

ता. ७, शुक्रवार

एकटाच घर पाहून आलो. हिला म्हटलं, पेन्शनच्या कामाला जातो. खोटं का बोललो, ठाऊक नाही.

विकणाऱ्या बाई शिवणकाम करतात. तीस वर्षं तिथे राहिल्या, आता मुलीकडे जाणार. मागच्या खोलीत शिलाईचं यंत्र भिंतीला पाठ लावून ठेवलेलं आहे. मी त्या भिंतीकडे बघत राहिलो म्हणून त्या आपण होऊन म्हणाल्या की, भाऊ, ही भिंत जरा चमत्कारिक आहे. ऐन उन्हाळ्यात गार लागते. एकदा फोटो लावायला खिळा ठोकला तर तो आत गेला तो गेलाच, पलीकडे काही नसल्यासारखा. भिंतीमागे जुनी पाण्याची टाकी आहे, असं घर घेताना त्यांना सांगितलं होतं. त्यांनी पुन्हा खिळा ठोकला नाही.

मी अंगणात गेलो आणि घराच्या कडेने पावलाला पाऊल लावत पावलं मोजली. पस्तीस. आत येऊन मोजली. अठ्ठावीस.

इथे लिहून ठेवतो. आम्ही राहायचो तेव्हा तिथे आणखी एक लहान खोली होती. सात बाय नऊ. ओल फार येते म्हणून मालकाने ती नंतर बुजवली, दार आणि खिडकी दोन्ही. पुढे मालकाच्या मुलाने घर विकलं तेव्हा आतून दिसतं तेवढंच मोजलं असणार. फार जुनी गोष्ट. हिला आता आठवतही नसेल.

भिंतीजवळ उभं राहिलं की ताज्या चुन्याचा वास येतो. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, छे, सहा वर्षांत रंग दिलेला नाही.

ता. ११, मंगळवार

दस्ताचा पहिला मसुदा आला. संध्याकाळी आम्ही तो वाचला.

आमची वाचण्याची एक रीत आहे. छापखान्यात मुद्रित तपासायला दोघं लागायची. एकाने मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने कागदावर बोट ठेवून बरोबर जायचं. कुठे काही सुटलं तर थांबवायचं. काम घरी आणलं की बोट ठेवायचं काम हिचं. लग्न होऊन आली तेव्हा हिला वाटलं होतं की नवरा बायकोला कविता ऐकवतो आहे. मग मी म्हणालो, "ओळ संपली, स्वल्पविराम," आणि हिचा चेहरा पडला. हे ती अजून लोकांना सांगते.

त्या घरात आणखी एक जण ऐकायचा. आमचा टिंबू. आतल्या खोलीत पडल्यापडल्या सगळं ऐकत असायचा आणि वाक्य संपायची वेळ आली की माझ्याआधी ओरडायचा, "पूर्णविराम!" चौथ्या वर्षी त्याला अक्षर एकही येत नव्हतं, पण वाक्य कुठे संपतं ते बरोबर कळायचं. मी तेव्हापासून वाक्याच्या शेवटी जरा थांबतो. पुढे छापखान्यात नवीन जोडीदार आले, त्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला दम लागतो.

आज मी वाचत होतो, "सदर मिळकतीत तीन खोल्या व मोरी, स्वल्पविराम, पुढे अंगण..." आणि हिचं बोट थांबलेलं दिसलं.

"काय झालं?"

"काही नाही. पुढे वाचा."

ता. १२, बुधवार

सकाळी मसुदा दस्तवाल्यांकडे परत न्यायला काढला तर 'तीन' या शब्दापाशी पेन्सिलीने काकपद केलेलं. म्हणजे ओळीतून काही सुटलं असेल तर तिथे जी कावळ्याच्या पायासारखी खूण करतात, ती. समासात मात्र काहीच लिहिलेलं नाही. काय सुटलं ते न लिहिता नुसती खूण करणं म्हणजे आमच्या धंद्यात अर्धवटपणा. हिचे डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. चुकून पेन्सिल टेकली असेल.

मी ते खोडून टाकलं.

ता. १५, शनिवार

दुसरा मसुदा काल दुपारी आला. मी तो लिफाफ्यातून न काढता माझ्या कपाटात, जुन्या पुस्तकांखाली ठेवला. आज काढला.

'तीन'पाशी काकपद.

आम्ही हा मसुदा अजून वाचलाच नव्हता. हिला विचारावं असं मनात आलं. त्याच वेळी खाली जिन्यात कुणीतरी लहान आवाजात काहीतरी म्हणालं आणि मला ते स्पष्ट 'पूर्णविराम' असं ऐकू आलं. कठड्यावरून वाकून पाहिलं. कुणी नव्हतं.

मला शाळेतल्या सगळ्या कविता येतात. पहिलीपासून दहावीपर्यंत, माझ्या हाताखालून गेलेली एकूण एक. झोप येत नसली की मी इयत्तेप्रमाणे म्हणत जातो. फक्त तिसरीच्या पुस्तकातली दगडाची कविता मला पुरी येत नाही.

वाटेवरल्या दगडा, सांग ना,
किती मोजलीस पावलं?

इथपर्यंत येतं. पुढच्या कडव्यातली एक ओळ नाही. ती मला येत नाही असं नाही. ती पुस्तकातच नाही. मूळ प्रतीत होती, छापताना सुटली, आणि मुद्रितावर 'तपासले' म्हणून सही माझी. छत्तीस वर्षांत माझी सुटलेली तेवढी एकच ओळ. अकरा वर्षं ते पुस्तक चाललं. हजारो मुलांनी ती कविता एक पाय नसलेली पाठ केली आणि एकानेही विचारलं नाही. फोरमन मला कधी बोलला नाही. त्याला ठाऊक होतं, त्या छापील पानांचा फर्मा मी कुठल्या दिवशी वाचला होता.

काकपद खोडलं. या वेळी खोडरबराने कागद थोडा फाटला.

ता. १६, रविवार

ही म्हणाली, मलाही घर बघायचंय. रिक्षाने नेलं. फाटकाची कडी वाजली तशी ही दारातच उभी राहिली, मग एकेक पायरी करून आत आली. पुढच्या खोल्या हिने पाहिल्याच नाहीत. सरळ मागे गेली आणि शिलाईयंत्राच्या स्टुलावर बसली, भिंतीकडे तोंड करून.

बाई सरबत करायला गेल्या. मी अंगणात विहिरीकडे बघत होतो. खिडकीतून पाहिलं तर हिने तळहात भिंतीला लावला होता. ताप बघताना कपाळाला लावतात तसा.

नंतर दोघी बायका बराच वेळ बोलत होत्या. मी गेलो तेव्हा ही विचारत होती की तुम्ही तीस वर्षं इथे यंत्र चालवलंत, कधी आवाज नाही आला? बाई म्हणाल्या, यंत्राचाच एवढा आवाज. पण शिवण संपून पाय थांबवला की कुणीतरी ऐकत असल्यासारखं वाटायचं. भीती नाही वाटायची हो, सोबत वाटायची.

परत येताना हिने एकदम विचारलं, "घर मोठं निघालं तर कर किती वाढतो?"

मी म्हटलं, हे तुला कुणी सांगितलं? म्हणाली, तुमचा पाठकोरा कागद भाजीच्या पिशवीत होता.

बायकांना कुठल्या गोष्टीचं कुतूहल वाटेल, सांगता येत नाही.

ता. १९, बुधवार

दस्तवाल्यांकडे गेलो. म्हटलं, समजा, एखाद्या घरात एक खोली मोजायची राहून गेली असली तर?

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. पहिल्यांदाच. "केवढी?"

"समजा, सात बाय नऊ."

त्रेसष्ट फूट. पाचशे अठ्ठ्याऐंशीत मिळवले की सहाशे एक्कावन्न. सवलत गेली. वर सरकारी दराने किंमतही वाढते, साडेबत्तीस लाखांच्या वर, आणि आता ती मोठी, म्हणून कर तिच्यावर, शेकडा सहाने. एक लाख पंच्याण्णव हजार तीनशे. पहिल्यापेक्षा एक लाख पाच हजार तीनशे जास्त, आणि माझ्याकडे आहेत दहा हजार.

दस्तवाले भले आहेत. म्हणाले, काका, जिला दार नाही, खिडकी नाही, जी आजवरच्या एकाही कागदावर नाही, ती खोली आहे असं म्हणणारा जगात कोण आहे? तुम्ही नाही म्हटलंत की नाही. फक्त शेवटच्या पानावर 'वरील वर्णन खरे व पूर्ण आहे' याखाली घेणाऱ्याची सही लागते, तेवढी करा.

मी म्हटलं, करतो. सह्या करायची मला सवय आहे.

शेवटची प्रत सोमवारी मिळणार. एकदा सही झाली की ती खोली कुठेच नाही. बयाणा वाचेल, घर मिळेल, हिचे गुडघे होतील. हिशेब चोख आहे. मग मी घरी येताना विहिरीमागच्या गल्लीत कसा पोचलो? पाय आपोआप तिकडेच वळले होते.

ता. २०, गुरुवार

हे लिहिलं पाहिजे. वही माझीच आहे.

ओल वगैरे काही नव्हती.

हिची आई आजारी होती म्हणून ही माहेरी गेलेली. टिंबूला दोन दिवस ताप. डॉक्टर सकाळी येऊन औषध देऊन गेले होते. दुपारी तिसरीच्या पुस्तकाचा फर्मा आला, संध्याकाळी परत द्यायचा होता. त्याला खोलीत निजवून मी बाहेरच्या खोलीत वाचायला बसलो. मोठ्याने वाचत होतो, त्याला ऐकू जावं म्हणून. तो नेहमीसारखा 'पूर्णविराम' म्हणाला, दोनदा, तीनदा. मग म्हणाला, "बाबा, इकडे या." मी म्हटलं, "आलो, एवढी कविता संपू दे."

दगडाची कविता होती.

पहिलं कडवं संपलं. आतून 'पूर्णविराम' आला नाही. मला वाटलं, झोपला. मी बरं म्हटलं. आणि वाचत राहिलो.

ही आली आणि मग पुन्हा महिनाभर माहेरी गेली. त्या महिन्यात मी मालकाला सांगितलं की मागच्या खोलीला ओल येते, बुजवून टाका. त्याने गवंडी पाठवला. त्याला बाजूला करून बऱ्याच विटा मीच रचल्या. ही परत आली तेव्हा भिंत कोरडी झाली होती. हिने तिकडे पाहिलं, काही विचारलं नाही, चूल पेटवली. दोन महिन्यांनी आम्ही ते घर सोडलं.

ही समजते की ते मालकाने केलं.

ता. २४, सोमवार

जमेल तसं लिहितो.

शेवटची प्रत दुपारी आणली. हिने चष्मा पुसला आणि म्हणाली, "बसा. वाचा." पेन्सिल नव्हती हातात, पेन होतं.

मी वाचत गेलो. 'तीन खोल्या' आलं आणि हिने शब्दावर बोट ठेवलं. "इथं सुटलंय." आणि माझ्या डोळ्यांदेखत शाईने काकपद केलं.

म्हणजे ती दुसरी खूणही हिचीच. पहिलीही. माझं कपाट, जुन्या पुस्तकांखालचा लिफाफा. आणि मी आठ दिवस जिन्यातले आवाज ऐकत बसलो होतो.

मी म्हटलं, काही सुटलेलं नाही, तिथे टाकी आहे.

"टाकी," ही म्हणाली. "माझं पोरगं टाकीत निजायचं का?"

माझ्या तोंडून निघालं की मालकाने, ओल येत होती म्हणून...

"तुमच्या निळ्या शर्टाला कोपरापर्यंत चुना होता. मी धुतला तो. तीनदा."

मी विचारलं, चव्वेचाळीस वर्षं बोलली का नाहीस? तर म्हणाली, "वाचायचं काम तुमचं. माझं नुसतं बोट ठेवायचं."

मी तिला कर समजावला. सहाशेची मर्यादा, शेकडा सहा, सगळं. ही शांतपणे ऐकत होती; मला वाटतं तिला माझ्यापेक्षा आधी कळलं होतं. म्हणाली, "एका गुडघ्याला लाख ना? मग एकाचे खोलीला द्या, दुसऱ्यावर मी लंगडी घालीन. वरचे पाच हजार तीनशे तुमच्या दहातले." ही वही कुठे असते तेही तिला ठाऊक होतं. तिने ती काढली, पहिल्या पानावर माझ्या सहीखाली स्वतःची सही केली आणि 'दोन' खोडून 'एक' लिहिलं.

तेव्हा मला इथवर थांबता आलं असतं. सगळं मिटलं होतं. पण शाईतलं ते काकपद समोर होतं, आणि समास कोराच होता. मी तिला सांगितलं. त्या दुपारचं. तो "इकडे या" म्हणाला ते, आणि मी काय म्हणालो ते.

हे तिला माहीत नव्हतं.

ती उठली, खिडकीपाशी गेली आणि पाठ करून उभी राहिली. रस्त्यावरचे दिवे लागेपर्यंत उभी होती, त्या गुडघ्यांवर. मी उठून जवळ जायचा प्रयत्न केला तर हात मागे करून थांबवलं. मग न वळता म्हणाली, "त्या खोलीचा कर भरायचा. पै न् पै."

ता. २५, मंगळवार

दस्तवाल्यांना सांगितलं, तीनच्या जागी चार लिहा. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे. म्हणाले, असं गिऱ्हाईक आयुष्यात पहिल्यांदा. पण मग मोजणीचा दाखला जोडावा लागेल, आणि मोजायचं तर टेप आत गेली पाहिजे.

शिवणकामवाल्या बाई भिंत फोडायला लगेच तयार झाल्या. मला वाटलं, खोली निघाली म्हणून किंमत वाढवून मागतील. "भाऊ, मी तीन घेतल्या, तीन विकते," त्या म्हणाल्या. "चौथी मुळात तुमचीच."

ही माझ्याशी कालपासून बोललेली नाही. ताट वाढते, पाणी ठेवते. बोलत नाही.

ता. २७, गुरुवार

सकाळी दहाला गवंडी आला, मागून मोजणीदार. यंत्र सरकवलं. पहिल्या घावालाच विटा आत पडल्या. फार कच्चं काम होतं. गवंडी म्हणाला, कुणा नवशिक्याने रचलंय हे. मी पडलेल्या विटा बाजूला केल्या.

माणूस वाकून जाईल एवढं भगदाड झालं. मोजणीदार आत शिरला आणि त्याच्या मागे, मला धरायचीही सवड न देता, ही. मी शेवटी.

काही नव्हतं. इतकी वर्षं मला काय काय दिसत आलं होतं त्या खोलीत! एक कोनाडा, धूळ, आणि उंचावर भिंतीतून आलेलं खिळ्याचं टोक. मग मोजणीदाराने विजेरी फिरवली आणि खाली, माझ्या मांडीएवढ्या उंचीवर, सबंध भिंतभर पेन्सिलीची टिंबं दिसली. शेकडो. काही इतकी दाबून काढलेली की चुन्यात खळगे पडलेले. तिथे निजून तो आमचं वाचन ऐकायचा आणि वाक्य संपलं की भिंतीवर एक टिंब द्यायचा. आम्हाला हे कधी कळलंच नव्हतं.

ही जमिनीवर बसली. एकेक टिंबावर बोट ठेवत सरकत गेली, मुद्रितावर ठेवते तसं. मी शेवटचं कुठलं ते शोधत होतो. ते सांगता येत नाही. टिंबं ओळीत नाहीत.

मोजणीदाराने टेप गुंडाळली आणि लिहिता लिहिता बोलला, "सात बाय नऊ. रिकामी."

"रिकामी लिहू नका," ही म्हणाली. "नुसतं खोली लिहा."

ता. २८, शुक्रवार

नोंदणी झाली.

आमचा नंबर यायला दोन तास होते. कार्यालयाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. ही अजून बोलत नव्हती. मग तिने पिशवीतून दस्त काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि स्वतःची प्रत उघडून तिच्यावर बोट ठेवलं. मी वाचायला लागलो. आजूबाजूचे लोक बघत होते. कुणाला वाटलं असेल, म्हातारा बायकोला कविता ऐकवतो आहे.

"सदर मिळकतीत चार खोल्या व मोरी, स्वल्पविराम, पुढे अंगण व विहिरीचा सामाईक हक्क, स्वल्पविराम, एकूण क्षेत्र सहाशे एक्कावन्न चौरस फूट, स्वल्पविराम, असे वर्णन खरे व पूर्ण आहे."

इथे वाक्य संपतं. मी थांबलो, नेहमी थांबतो तसा. आतून आवाज यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा, आणि मग त्याहून जास्त. पुढचं मला म्हणवेना. हिचं बोट त्या शेवटच्या टिंबावर होतं, हलत नव्हतं. आत कुणाचा तरी नंबर पुकारला.

"पूर्णविराम," ही म्हणाली.

चार दिवसांतला तिचा माझ्याशी बोललेला पहिला शब्द. तो माफीचा होता की नाही, मला कळत नाही. मी विचारणार नाही. मग आमचं नाव आलं. मी तिला हात दिला, तिने तो घेतला, गुडघ्यांमुळे असेल.

कर भरल्याची पावती या पानाला चिकटवली आहे. मुद्रांक शुल्क एक लाख पंच्याण्णव हजार तीनशे. वर्णन: चार खोल्या. दोनदा तपासलं. चूक नाही.